मुलाखत उतरवताना वेळ वाचवायचा असेल तर

तासाभराची मुलाखत शब्दशः उतरवायला चार-सहा तास सहज जातात. त्यात बडोद्यातल्या शिक्षिका अर्धं मराठीत, अर्धं गुजरातीत बोलणार आणि खाली दांडिया बाजारातले हॉर्न. मग तर विचारूच नका.

१. परवानगी घेऊन रेकॉर्डिंग सुरू करा. मिनिटं आपल्याला दिसतील असा फोन ठेवा.
२. काही मोलाचं आलं की वहीत फक्त मिनिट आणि एक शब्द टिपा: ‘२३, गळती’ (म्हणजे तेविसाव्या मिनिटाला मुलांच्या शाळा सोडण्याचा विषय). याहून जास्त नको. मान खाली घालून लिहीत बसलात की समोरचा माणूस आखडतो.
३. त्याच संध्याकाळी खुणांचे भाग आधी उतरवा.

मात्र खुणा आपल्या आवडीच्याच मुद्द्यांवर पडतात. निष्कर्ष लिहिण्याआधी उरलेलं रेकॉर्डिंगही पूर्ण ऐका.