"मॅडम, मी असाइनमेंट टाकली होती": न दिसणाऱ्या सबमिशनचा शोध कसा घ्यावा

२०२१च्या उन्हाळ्यात आमच्या महाविद्यालयाच्या मूडल या ऑनलाइन वर्ग चालवण्याच्या प्रणालीवर द्वितीय वर्ष वाणिज्य शाखेची अंतर्गत मूल्यमापनाची असाइनमेंट तपासून मी गुण भरले आणि सात विद्यार्थ्यांच्या नावापुढे शून्य टाकले. दुसऱ्याच दिवशी त्यांपैकी एका मुलीचा फोन आला. ती डोंगरावरच्या वाडीत राहत होती, घरात रेंज मिळत नसल्यामुळे वर माळावर जाऊन तिने बारा पानांची पीडीएफ चढवली होती, आणि ती पुन्हा पुन्हा एवढेच सांगत होती, "मॅडम, मी असाइनमेंट टाकली होती." मी तिला म्हणाले, यादीत तुझे काहीच दिसत नाही. माझे म्हणणे खोटे नव्हते, पण शून्य मात्र चुकीचे होते. तिची फाइल पहिल्या दिवसापासून आमच्या सर्व्हरवर होती. मी पाहत होते त्या यादीला 'सबमिटेड' हे फिल्टर लावलेले होते आणि तिची फाइल 'ड्राफ्ट' या स्थितीत पडून होती.

नव्याने ऑनलाइन वर्ग सांभाळू लागलेल्या शिक्षकांसाठी मी हे लिहीत आहे. मार्टिन डुगियामास यांनी ऑस्ट्रेलियात घडवलेली मूडल ही प्रणाली २००२ पासून उपलब्ध आहे आणि मुक्त स्रोत असल्यामुळे अनेक महाविद्यालये ती स्वतःच चालवतात. त्यामुळे अडचण आली की फोन करावा अशी कंपनी पाठीशी असेलच असे नाही, आणि बऱ्याचदा एखाद्या शिक्षकालाच तासिका सांभाळून ॲडमिनचे काम पाहावे लागते. अशा वेळी फाइल दिसत नाही आणि फाइल आली नाही यांतला फरक आपल्यालाच शोधावा लागतो. तो शोधण्यापुरती नोंद प्रणाली स्वतःकडे ठेवते, आणि ती वाचल्याशिवाय कोणाच्याही नावापुढे शून्य टाकू नये असे माझे ठाम मत आहे.

सुरुवात असाइनमेंटच्या पहिल्या पानापासून करावी. तिथे एक छोटा सारांश असतो: एकूण विद्यार्थी किती, ड्राफ्ट किती, सबमिटेड किती, तपासायचे किती. असाइनमेंट तयार करताना 'विद्यार्थ्याने सबमिट बटण दाबणे आवश्यक' ही सेटिंग चालू ठेवली असेल, तर फाइल जतन केल्यानंतरही विद्यार्थ्याला आणखी एकदा सबमिट करावे लागते आणि तोवर ती ड्राफ्टच राहते. त्या दिवशी माझ्या सारांशात 'ड्राफ्ट' या शब्दासमोर ७ हा आकडा स्वच्छ दिसत होता आणि मी तो वाचला नव्हता. सातही मुलांनी फाइल चढवली होती, शेवटचे बटण तेवढे दाबले नव्हते. ड्राफ्टमधली फाइल शिक्षकाला उघडता येते आणि तिला गुणही देता येतात, हेही मला तेव्हा ठाऊक नव्हते. दोनदा सबमिट करून घेण्यामागे काही विशेष कारण नसेल, तर पदवीच्या वर्गांसाठी ही सेटिंग बंद ठेवावी. माझ्या अनुभवात तिने जेवढे साधले त्यापेक्षा अधिक मुलांना अडकवले.

त्यानंतर मूल्यमापनाच्या यादीवरची सगळी फिल्टरे काढून टाकावीत. मूडल आपली शेवटची निवड लक्षात ठेवते, त्यामुळे मागच्या आठवड्यात 'स' अक्षरावर टिचकी मारून एखाद्याचे नाव शोधले असेल, तर आजही फक्त तेवढीच नावे दिसू शकतात. गटाचे फिल्टर आणि एका पानावर दिसणाऱ्या नावांची मर्यादा यांचेही तसेच आहे. शुल्क थकल्यामुळे किंवा तुकडी बदलल्यामुळे एखाद्याची नोंदणी तात्पुरती थांबवलेली असेल, तर त्याचे नाव यादीत येतच नाही, मात्र त्याची फाइल जागेवर असते.

यापेक्षा अवघड प्रसंग म्हणजे मुलाने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर फाइलचे चिन्ह आणि तिचे नाव दोन्ही दिसतात, आणि आपल्याकडे मात्र ड्राफ्टसुद्धा नसतो. असा स्क्रीनशॉट नीट पाहावा. फाइलच्या चौकटीखाली 'सेव्ह चेंजेस' हे बटण दिसत असेल, तर मुलाने फाइल निवडली, ती सर्व्हरपर्यंत पोहोचलीही, पण जतन करण्याआधीच त्याने पान बंद केले. मोबाइलच्या लहान पडद्यावर हे बटण बरेच खाली जाते आणि चिन्ह दिसले की काम झाले असे मुलाला अगदी प्रामाणिकपणे वाटते. ही फाइल त्याच्या स्वतःच्या तात्पुरत्या जागेत राहते. मूडल त्या जागेलाही ड्राफ्टच म्हणते, म्हणून वर सांगितलेल्या ड्राफ्टशी तिची गल्लत करू नये. शिक्षकाला ती दिसत नाही, पण ॲडमिनला डेटाबेसच्या फाइल-नोंदीत सापडू शकते. सापडण्याची मुदत मात्र थोडी असते, कारण साधारण चार दिवसांहून जुन्या तात्पुरत्या फाइली प्रणाली आपोआप साफ करते. म्हणून तक्रार आली की त्याच दिवशी ॲडमिनला कळवावे. सुट्टीनंतर पाहू असे म्हटले तर पाहण्यासारखे काही उरत नाही.

याची खातरजमा लॉगमधून होते. विषयाच्या अहवालांत जाऊन विद्यार्थ्याचे नाव, ती असाइनमेंट आणि तो दिवस निवडला की त्याची प्रत्येक हालचाल वेळेसह दिसते. सबमिशनचा फॉर्म उघडल्याची नोंद आहे पण फाइल अपलोड झाल्याची नाही, असे आढळले तर प्रयत्न जतन होण्याआधीच थांबला. अपलोडची नोंद आहे पण सबमिट झाल्याची नाही, तर तो ड्राफ्ट. दोन्ही नोंदी असतील तर फाइल आलेली होती, आणि पुढचा शोध आपल्या बाजूने घ्यायचा. फॉर्म उघडल्याची नोंदच नसेल तर मुलाने दुसऱ्याच असाइनमेंटमध्ये, कदाचित दुसऱ्याच विषयात फाइल टाकली आहे का ते आधी पाहावे. आमच्याकडे असे अनेकदा घडले आहे. वेळ वाचताना टाइमझोनही तपासावा. मूडल प्रत्येकाला त्याच्या प्रोफाइलमधल्या टाइमझोननुसार वेळ दाखवते, आणि तिथे यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, राहिली असेल तर साडेपाच तासांचा फरक पडून उशिरा आलेली फाइल वेळेत आल्यासारखी वाटू शकते. पोचपावतीची सोय चालू असेल तर सबमिट होताच विद्यार्थ्याला सूचना जाते. तिचा ईमेल मुलांनी निकाल लागेपर्यंत जपून ठेवावा असे मी पहिल्याच तासाला सांगते.

आपल्या बाजूने फाइल हरवण्याची एक वाट मला फार उशिरा कळली. सर्व सबमिशन एकदम डाउनलोड केली की झिप मिळते आणि तिच्यात प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावाने एक लांबलचक फोल्डर असतो. मुलांनी स्वतःच्या फाइललाही पूर्ण नाव, वर्ग, विषय आणि प्रकरणाचे शीर्षक जोडलेले असते. विंडोजमध्ये फाइलच्या संपूर्ण पत्त्याला साधारणपणे २६० अक्षरांची मर्यादा आहे, त्यामुळे झिप उलगडताना लांब नावांच्या फाइली मागे राहतात आणि आपण 'स्किप' दाबून पुढे जातो. सर्व्हरवर त्या सुखरूप असतात. झिप थेट सी ड्राइव्हवर 'अ' सारख्या एकाक्षरी फोल्डरमध्ये उलगडावी आणि फाइलचे नाव म्हणून केवळ हजेरी क्रमांक लिहायला सांगावे, एवढ्याने ही अडचण मिटते.

अपलोडच होत नसेल तर आकाराची मर्यादा पाहावी. मूडल ज्या संगणकीय भाषेत लिहिलेली आहे त्या पीएचपीची मूळ मर्यादा एका फाइलसाठी अवघी २ एमबी असते, आणि मोबाइलने काढलेला वहीच्या एका पानाचा फोटोही कित्येकदा तेवढा भरतो. असाइनमेंटमध्ये आपण २० एमबी लिहिले तरी सर्व्हर, साइट, विषय आणि असाइनमेंट यांतली सर्वांत लहान मर्यादाच लागू होते.

ॲडमिनचे काम अंगावर असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मूडल फाइलीची नावे डेटाबेसमध्ये ठेवते आणि प्रत्यक्ष फाइली मूडलडेटा या वेगळ्या फोल्डरमध्ये, त्यांच्या मजकुरावरून काढलेल्या चाळीस अक्षरी सांकेतिक नावांनी साठवते. त्यामुळे तिथे विद्यार्थ्याच्या नावाने शोधून काही हाती लागत नाही. सर्व्हर बदलताना फक्त डेटाबेसचा बॅकअप हलवला, तर यादीत सगळी नावे दिसतात आणि एकही फाइल उघडत नाही. बॅकअप नेहमी दोन्हींचा, एकाच वेळचा असावा. नव्या सत्रासाठी विषय 'रीसेट' करताना सबमिशन पुसण्याचा पर्याय निवडण्यापूर्वी जुनी सबमिशन बाहेर काढून ठेवावीत, कारण अंतर्गत गुणांबाबतच्या तक्रारी सत्र संपल्यानंतरही येत राहतात.

एवढे सगळे करूनही फाइल सापडली नाही, तर मी मुलाला त्याची मूळ फाइल मागते आणि फक्त त्याच्यापुरती मुदतवाढ देऊन ती मूडलवरच पुन्हा चढवून घेते. फाइल व्हॉट्सॲपवर स्वीकारून गुण दिले तर पुढे कसलीच नोंद राहत नाही, आणि प्रश्न विचारला गेला तर मूल आणि शिक्षक दोघेही उघडे पडतात. मुदतवाढ का दिली ते लॉगमधल्या वेळांसह चार ओळींत लिहून विभागप्रमुखांकडे द्यावे.

वाडीतल्या त्या मुलीच्या बाबतीत मी असाच अर्ज लिहिला, सातही जणांचे ड्राफ्ट तपासले आणि परीक्षा विभागाकडे दुरुस्त गुणपत्रक पाठवले. तिची बारा पाने अतिशय नेटक्या अक्षरात लिहिलेली होती, प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात हजेरी क्रमांकासह. गुण बदलल्याचे मी स्वतः फोन करून तिला कळवले, आणि तिच्यासह उरलेल्या सहा जणांचीही माफी मागितली.