शाळेच्या खिचडीत गावची ताजी भाजी

शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज ५० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे ७५ ग्रॅम भाजी ठरलेली आहे. मजुरी करून पोट भरणाऱ्या घरांतल्या कित्येक मुलांच्या पोटात दिवसभरात तेवढीच भाजी जाते. तिथे रोज बटाट्याच्या चार फोडी पडणं चालवून घेऊ नका. ग्रामीण शाळांत तांदूळ-डाळ पुरवठादाराकडून येते. भाजी मात्र शाळाच गावात खरेदी करते. त्यामुळे ती कुणाकडून घ्यायची, हे गावाला ठरवता येतं.

आधी वजन काढा. लहान गटात ६० आणि मोठ्या गटात ४० मुलं असतील तर ३ अधिक ३, म्हणजे रोज ६ किलो. हे वजन निवडलेल्या भाजीचं धरा. मेथी निवडून जेमतेम निम्मी उरते, दुधी-भोपळा फारसा वाया जात नाही. जुडीवर हिशेब ठेवू नका. टंचाईत जुडी बारीक होते आणि दर तोच राहतो. काट्यावरच घ्या.

मग शाळा व्यवस्थापन समितीत ठराव करा. समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, तेव्हा आयांना बैठकीला आवर्जून आणा. दोन-तीन शेतकरी किंवा बचत गट ठरवा, एकावर विसंबू नका. दर सोमवारी घाऊक आणि किरकोळ भावांच्या मधला दर फळ्यावर लिहा. आणि पैसे पंधरा दिवसांत द्यायचे, हे ठरावात स्पष्ट घाला. गाडी अडते ती इथेच: अनुदान उशिरा येतं, उधारी थकते, शेतकरी भाजी बंद करतो आणि पुन्हा बटाटा सुरू. म्हणून महिनाभराच्या भाजीपुरती रक्कम लोकवर्गणीतून फिरती ठेवा. पावतीवर तारीख, भाजीचं नाव, वजन, दर आणि सही हवी. नुसतं ‘भाजीपाला’ लिहून भागत नाही.

परसबाग जरूर करा, पण एखाद्या गुंठ्यातून रोज ६ किलो निघणार नाही. मेथी-पालकाचे वाफे आठ-दहा दिवसांच्या अंतराने पेरा, नाहीतर सगळं एकदम काढणीला येतं. कुंपणाला शेवगा लावा. रोप तीन फुटांचं झालं की शेंडा खुडा, म्हणजे पाला हाताशी राहतो. तांदूळ धुतलेलं पाणी चरातून वाफ्यांकडे वळवा. मे महिन्यात पाणी कोण घालणार, त्याचं नाव सुट्टीआधीच ठरवा.

सुरुवातीला ताटं परत येताना नीट बघा. शेवग्याचा पाला कडेला सारलेला दिसला तर दुसऱ्या दिवशी कोवळाच घ्या, देठ काढून बारीक चिरा आणि वरणात शिजवा.