सुटकेविरुद्ध अपील: आधी निकालपत्र वाचायला शिका

सत्र न्यायालयाने खुनातला आरोपी सोडला की मयताचे नातेवाईक त्याच संध्याकाळी विचारतात, "मॅडम, हायकोर्टात कधी जायचं?" इतकी वर्षं फौजदारी वकिली करतेय, माझं उत्तर बदललेलं नाही. आधी निकालपत्राची नक्कल मागा.

नकलेचा अर्ज लगेच टाका आणि अर्ज केल्याची व नक्कल तयार झाल्याची, अशा दोन्ही तारखा सांभाळा. सरकारच्या अपिलाला 90 दिवसांची मुदत असते आणि नक्कल मिळण्यात गेलेले दिवस त्यातून वगळले जातात. पीडिताच्या अपिलाची मुदत कलमात लिहिलेली नाही, पण म्हणून निवांत बसू नका. उशीर झाला की विलंबमाफीचा अर्ज आला, आणि कारण पटवणं आलं.

सरकारने अपील करायचं तर उच्च न्यायालयाची परवानगी लागते (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 419, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 378). पीडिताला कलम 413च्या परंतुकाने, म्हणजे कलमाला जोडलेल्या 'मात्र' या तरतुदीने (जुनं 372), स्वतःचा हक्क आहे आणि मल्लिकार्जुन कोडगळी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली सांगितलं की त्यासाठी परवानगी नको. खुनात मयताचे कायदेशीर वारसही 'पीडित' ठरतात. कुणी 'रिव्हिजन टाकू' म्हणालं तर सावध व्हा: रिव्हिजनमध्ये, म्हणजे पुनरीक्षणात, उच्च न्यायालय सुटकेचं रूपांतर शिक्षेत करू शकत नाही.

आता खरं काम. पेन्सिल घेऊन बसा. निकालपत्राच्या सुरुवातीच्या पानांत मुद्दे आणि निष्कर्षांचा तक्ता असतो. तिथे 'नाही' दिसलं की लोक थेट शेवटच्या आदेशावर उडी मारतात. तसं करू नका, मधली कारणं वाचा. प्रत्येक पुराव्यासमोर समासात लिहा: मानला, नाकारला, की वाचलाच नाही. हा तिसरा शेरा जिथे पडेल तिथे तुमचं अपील आहे.

समजा, आरोपीने काढून दिलेल्या कोयत्याचा पंचनामा आहे आणि पंच फितूर झाले. न्यायाधीशांनी तेवढ्यावरून जप्ती बाजूला सारली, तपास अधिकाऱ्याच्या साक्षीचा उल्लेखही केला नाही. हा दमदार मुद्दा आहे, कारण पंच फिरला तरी अधिकाऱ्याची साक्ष विश्वासार्ह असेल तर जप्ती सिद्ध होऊ शकते. फितूर साक्षीदाराचा जबाबही सगळा पुसला जात नाही, इतर पुराव्याशी जुळणारा भाग वापरता येतो. उलट, मुद्देमाल सीलबंद अवस्थेत प्रयोगशाळेत पोचला हेच सिद्ध झालं नसेल आणि न्यायाधीशांनी तसं कारण नोंदवलं असेल, तर तिथे डोकं आपटून उपयोग नाही.

नुसत्या परिस्थितीजन्य पुराव्यावरचा खटला असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या 1984च्या शरद बिरधीचंद सारडा निकालातली पाच सूत्रं कागदावर उतरवा. साखळी पूर्ण हवी, आणि आरोपी निर्दोष असण्याची वाजवी शक्यता तिने उरू देता कामा नये. तुमच्याच साखळीतली कडी गळत असेल तर ती विरुद्ध वकिलाआधी तुम्हाला दिसलेली बरी.

उच्च न्यायालय सगळा पुरावा नव्याने तपासू शकतं. पण सर्वोच्च न्यायालयाच्या चंद्रप्पा निकालाने (2007) बजावलंय की सुटकेनंतर निर्दोषत्वाचं गृहीतक आणखी बळकट होतं. पुराव्यातून दोन वाजवी निष्कर्ष निघत असतील तर सुटका मोडायची नाही. म्हणून "यानेच केलंय, सगळ्या गावाला माहीत आहे" हे वाक्य माझ्यासमोर बोला, अपिलात नको. तिथे दाखवायचं असतं की खालच्या न्यायालयाने घेतलेला निष्कर्ष या पुराव्यावर निघूच शकत नव्हता.

हे अशक्य नसतं. शिवाजी साहेबराव बोबडे खटल्यात सत्र न्यायालयाने सोडलेल्यांना उच्च न्यायालयाने दोषी ठरवलं आणि 1973 साली सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. 'केलं असेल' आणि 'केलंच असलं पाहिजे' यांतलं अंतर मोठं आहे हे त्याच निकालात आहे, आणि काल्पनिक शंकांचे लाड करू नका हेही त्यातच.

सरकारी वकिलांना भेटून अपिलाचा प्रस्ताव विधी व न्याय विभागाकडे गेला का, ते विचारा आणि तुमच्या समासातल्या नोंदींची प्रत त्यांना द्या. फी परवडत नसेल तर उच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट नाही. सुटकेच्या वेळी आरोपीकडून वरच्या न्यायालयात हजर राहण्याचा जामीनरोखा घेतात, तो सहा महिनेच चालतो. त्या आत अपील दाखल झालं तर नोटीस घेऊन त्याला शोधत फिरण्याचा त्रास वाचतो.