अँटिग्वाचा चौक आणि चर्च कसं बघायचं

ग्वाटेमालातल्या अँटिग्वाला गेलात तर प्लीज चर्चसमोर एक फोटो काढून कॉफी प्यायला पळू नका, निदान तीन तास हातात ठेवा.

सकाळी लवकर या, कारण दक्षिणेचा आग्वा ज्वालामुखी तेव्हा मोकळा दिसतो, नंतर ढग चढायला लागतात. पहिल्यांदा मधल्या जलपऱ्यांच्या कारंज्यापाशी बाकावर बसा आणि बसल्या बसल्या चारी बाजू ओळखा. पूर्वेला चर्च, दक्षिणेला दुमजली कमानींचा स्पॅनिश गव्हर्नरचा वाडा, जिथून आता मेक्सिकोत असलेल्या चियापासपासून कोस्टा रिकापर्यंतचा कारभार चालायचा, उत्तरेला नगरपालिका आणि पश्चिमेला व्यापाऱ्यांच्या कमानी. देव, राजा, गाव आणि बाजार, सगळे एकाच चौकात समोरासमोर. १५४३ मध्ये शहर आखलं तेव्हा एक अख्खा ब्लॉक यासाठीच रिकामा सोडला, झाडं वगैरे फार नंतरची, आधी नुसतं मोकळं मैदान, तिथेच बाजार भरायचा नि बैलांच्या झुंजीही व्हायच्या.

पत्ते पण इथूनच समजून घ्या. कॅये म्हणजे पूर्व-पश्चिम रस्ता, आवेनिदा म्हणजे उत्तर-दक्षिण, पुढे ओरिएन्ते लिहिलं असेल तर चौकाच्या पूर्वेला, पोनिएन्ते असेल तर पश्चिमेला. एवढं कळलं की मॅप लागत नाही.

आता चर्च. आत गेलात की वाटेल एवढंसंच? कारण हा जुन्या कॅथेड्रलचा फक्त पुढचा तुकडा आहे, खरं कॅथेड्रल मागे आहे आणि बरेच लोक ते न बघताच परत जातात याचं मला खरंच वाईट वाटतं. बाहेर पडून डावीकडे जा, कोपऱ्यावर परत डावीकडे पाचव्या कॅयेत वळा, तिथे अवशेषांचं वेगळं तिकीट मिळतं, सुटे केत्साल (इथलं चलन) जवळ ठेवा. १६८० ला पूर्ण झालेलं हे कॅथेड्रल २९ जुलै १७७३ च्या भूकंपात कोसळलं, पुढे राजधानीच इथून हलवली. जाडजूड खांब, तुटलेल्या विटांच्या कमानी आणि वर घुमटाच्या जागी सरळ आकाश. इथे घाई करू नका. खाली तळघरात उतरायला पायऱ्या आहेत, भिंती धुराने काळ्या झाल्यात, मोबाईलचा टॉर्च लावून जपून उतरा.

चर्चचं तोंड पश्चिमेला आहे, म्हणून फोटो चारनंतर काढा, ऊन थेट समोर पडतं आणि कोनाड्यांतले संत एकेक करून दिसतात. मे ते ऑक्टोबरमध्ये मात्र दुपारी पाऊस गाठतो, तेव्हा अवशेष सकाळीच उरकून घ्या.