शाळा सुरू झाली की नाक पण सुरू होतं: मुलांची सर्दी आणि फ्लू कसा आवरायचा

जूनमध्ये शाळा उघडते आणि पंधरा दिवसांत आमच्या बिल्डिंगमधली निम्मी पोरं शिंकायला लागतात. मग प्रत्येक घरात आरोपी वेगळा, कोणाकडे बर्फाचा गोळा, कोणाकडे पावसात भिजणं, कोणाकडे बसमधला एसी. खरं कारण बेंचवर शेजारी बसलेलं असतं. सर्दी-फ्लू व्हायरसनेच होतो, पाऊस एवढंच करतो की वर्गाच्या खिडक्या बंद होतात आणि चाळीस-पन्नास पोरं एकच हवा दिवसभर आत-बाहेर करत बसतात.

आधी एक डोक्यात पक्कं करा, लहान मुलांना वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणं नॉर्मल आहे, सर्दीचे व्हायरसच दोनशेच्या वर आहेत, त्यामुळे "माझं मूल सारखं आजारी पडतं हो" म्हणून इम्युनिटीच्या गमी आणि पावडरींवर पैसे घालवू नका. आजीचा काढा चालेल, घसा शेकतो, बरं वाटतं, पण त्याने व्हायरस अडत नाही (आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात चाटवायचा नाही).

सुरुवात करायची ती शाळेच्या आधी, मे महिन्यात, फ्लूच्या लसीने. मुंबईत फ्लू पावसाळ्यात चढतो आणि परत जानेवारी-फेब्रुवारीत डोकं वर काढतो. लस घेतल्यावर अंगात तयारी व्हायला दोनेक आठवडे जातात, म्हणून गावाहून परत आलात की लगेच घेऊन टाका. सहा महिन्यांपासून पुढे देता येते, पाच वर्षांपर्यंतच्या सगळ्याच मुलांना द्या असं बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते, त्यापुढच्यांना दमा किंवा हार्टचा त्रास असेल तर नक्की, बाकीच्यांचं आपल्या डॉक्टरला विचारा. नऊ वर्षांच्या आतलं मूल आणि पहिलीच वेळ असेल तर दोन डोस, मध्ये चार आठवडे, म्हणजे एप्रिलअखेरीलाच सुरुवात हवी. दरवर्षी घ्यावी लागते कारण हा व्हायरस रूप बदलत राहतो. सरकारी मोफत लसीकरणाच्या यादीत ती नाही, त्यामुळे खिशाला चाट बसते, पण तेवढे पैसे वाढदिवसाच्या केकवर जातातच की. आणि "लस घेऊन पण सर्दी झाली" म्हणून रडू नका, ती फ्लूची लस आहे, साध्या सर्दीची नाही.

दुसरं म्हणजे हात. साबणाने वीस सेकंद, बेचा पाढा दोनदा म्हटला की साधारण तेवढे होतात आणि पाढा पण पक्का होतो. डबा खायच्या आधी आणि घरी आल्यावर चपला काढल्या की लगेच, या दोन वेळा तरी चुकवायच्या नाहीत. शाळेच्या बाथरूममध्ये साबण असेलच असं धरून चालू नका, दप्तरात पेपर सोप टाका. सॅनिटायझर दिलात तर किमान साठ टक्के अल्कोहोलवालं द्या, पण ग्राउंडवरून चिखलाचे हात घेऊन आलेल्या पोराला त्याचा उपयोग नाही, तिथे पाणीच पाहिजे. रुमाल दोन द्या, एक नाकाचा, एक हात पुसायचा, एकच दिला की त्यानेच नाक आणि त्यानेच डब्यानंतर तोंड. शिंक कोपरात. पाण्याची बाटली मित्राला दिली तरी "वरून पी, तोंड लावू नको", हे आपल्याकडे पोरांना येतंच, फक्त आठवण करायची.

घरी खिडकी थोडा वेळ तरी उघडी ठेवा, कपडे वाळत घालून खोलीचं धोबीघाट झालं असेल तर जास्तच. झोप मात्र मला सगळ्यात अवघड जाते. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तास तरी हवेत, सकाळची सातची शाळा म्हणजे रात्री नऊला आडवं व्हायला पाहिजे, आणि वन रूम किचनमध्ये साडेनऊची सिरियल चालू असताना कोण झोपणार? आम्ही शेवटी सासूबाईंना मोबाईलवर हेडफोन लावून दिले.

आता खरी परीक्षा, ज्या दिवशी पोर तापलेलं उठतं तो दिवस. मी स्वतः हे केलंय, सकाळी पॅरासिटामॉल पाजलं, ताप उतरला, बसमध्ये बसवलं आणि अकरा वाजता टीचरचा फोन, तोपर्यंत बेंचवरच्या दोघांना प्रसाद वाटून झाला होता. फ्लू लक्षणं दिसायच्या एक दिवस आधीपासून पसरतो आणि पुढे पाच-सात दिवस, लहान मुलांत त्याहून जास्त. म्हणून जूनमध्येच नवरा-बायकोने बसून ठरवा की पहिली सुट्टी कोणाची, दुसरी कोणाची. "आजीकडे ठेवू" हे सोपं वाटतं, पण पासष्टच्या पुढच्या माणसाला फ्लू पोरापेक्षा जड जातो, तेव्हा आजीकडेच ठेवणार असाल तर आजीला पण लस द्या. आणि शंभर टक्के हजेरीचं बक्षीस देणाऱ्या शाळांना माझा कोपरापासून नमस्कार.

साधी सर्दी हळूहळू येते, फ्लू धाडकन येतो, ताप, अंगदुखी, पोर एकदम लोळागोळा. औषध वजनावर द्यायचं, वयावर नाही, आणि पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स सिरपपेक्षा कितीतरी जास्त स्ट्राँग असतात, चमचा तोच धरून चालत नाही, लेबल वाचा. अँटिबायोटिक व्हायरसवर चालत नाही, मागच्या वेळची उरलेली बाटली तर नकोच. ॲस्पिरिन मुलांना देऊ नका. कफ सिरप मेडिकलवाल्याला विचारून आणायचं नाही, 2025 मध्ये छिंदवाड्यात विषारी सिरपने लहान मुलं गेली ते विसरू नका. आणि मुंबईचा पावसाळा आहे, ताप म्हणजे डेंग्यू-मलेरिया पण असू शकतो, त्यामुळे आयबुप्रोफेन मनाने नको आणि दोन दिवसांत ताप उतरला नाही तर डॉक्टर, जवळ पालिकेचा 'आपला दवाखाना' असेल तर तिथे पण चालेल. दमा असलेल्या मुलाला फ्लूसारखं वाटलं तर दोन दिवस थांबूच नका, फ्लूचं औषध पहिल्या 48 तासांत सुरू केलं तर जास्त काम करतं.

श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील, ओठ निळसर, पाणी पोटात ठरत नाही, सात-आठ तास शू नाही, किंवा ताप उतरून परत जोरात चढला, तर रात्रीचे दोन असले तरी रिक्षा पकडा आणि हॉस्पिटल गाठा.

परत शाळेत कधी? औषध न देता पूर्ण 24 तास ताप नसेल तेव्हा. नाक थोडं वाहत असेल, खोकला असेल तर चालतं, तो दोन आठवडे पण राहतो. रात्रीच टीचरला मेसेज टाका की दोन-तीन दिवस पीटीला बसवून ठेवा, आणि बसकाकांना सांगा याला खिडकीजवळची सीट द्या, काच थोडी उघडी ठेवून.