रेडिएटरचे पंखे: कोणते घ्यायचे, कुठे लावायचे

कॉम्प्युटरसाठी लिक्विड कूलर (पाण्याने प्रोसेसर थंड करणारा संच) घेतला की पंख्यांची चिंता मिटली असं धरून लोक कूलरवर भरपूर खर्च करतात आणि पंखे मात्र दिव्यांचे रंग बघून उचलतात. मला ते पटत नाही. पाणी उष्णता फक्त प्रोसेसरपासून रेडिएटरपर्यंत नेतं, ती कॅबिनेटबाहेर टाकायचं काम शेवटी हवाच करते. म्हणून कुणाचंही मशीन जोडताना मी सगळ्यात जास्त वेळ पंख्यांवर घालवतो.

पंख्यापुढे काय येणार आहे ते आधी बघा. मोकळ्या जाळीमागच्या पंख्याला अडथळा कमी, तिथे सीएफएम म्हणजे हवेचं प्रमाण बघितलं तरी चालतं. रेडिएटरच्या दाट फिन्समधून (पातळ पत्र्यांमधून) मात्र हवा रेटावी लागते, तिथे स्टॅटिक प्रेशर (अडथळ्यातून हवा ढकलणारा दाब) हवं. खोक्यावर ते 'मिलिमीटर पाणी' या एककात छापलेलं असतं. हे दोन्ही आकडे एकाच वेळी कधीच मिळत नाहीत: सीएफएम समोर काहीच नसतानाचं असतं, प्रेशर हवा पूर्ण अडवलेली असतानाचं. शिवाय दोन्ही पूर्ण वेगाचे. वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण दाब चौथाईवर येतो. त्यामुळे 3000 आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्या) पंख्याचे आकडे बघून भुलू नका. तुम्ही तो 1000-1200 वर चालवणार असाल, तर त्या वेगाला कोण किती हवा देतो हीच तुलना खरी. रुंद पाती, आणि पातीच्या टोकापासून चौकटीपर्यंत अगदी बारीक फट, हे रेडिएटरला साजेशा पंख्याचं लक्षण. चार पिनांचा पीडब्ल्यूएमच (मदरबोर्डवरून वेग कमी-जास्त करता येणारा) घ्या. आडवा लावणार असाल तर साधं स्लीव्ह बेअरिंग (दांडा नुसत्या नळीत फिरणारं) टाळा, त्या स्थितीत ते लवकर झिजतं.

आता जागा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही तापणार असतील तर मी रेडिएटर वर लावतो, हवा बाहेर फेकणारा. पुढे लावून बाहेरची हवा आत ओढली तर प्रोसेसर काही अंश थंड राहतो हे खरं, पण तीच कोमट हवा ग्राफिक्स कार्डच्या वाट्याला येते. गेम खेळणाऱ्याला हा सौदा परवडत नाही. सगळं काम प्रोसेसरवरच असेल तर खुशाल पुढे लावा. पुढे उभा लावताना नळ्या पोहोचत असतील तर त्यांचं टोक खाली ठेवा. काही झालं तरी पंप हा सगळ्यात उंच भाग होऊ देऊ नका. नळ्यांतून पाणी वर्षानुवर्षं थोडं थोडं उडत राहतं, त्याच्या जागी जमलेली हवा सर्वांत वर जाते, आणि ती पंपात शिरली की गुळगुळ आवाज आणि झीज सुरू.

मागचा पंखा काढू नका. टॉवर कूलर (प्रोसेसरवरच बसणारा, पंख्याचा उंच कूलर) असताना मदरबोर्डच्या व्हीआरएमवरून (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागांवरून) आपसूक हवा फिरायची, लिक्विड कूलरमध्ये ती बंद होते. मागचा एक पंखा मंद फिरत राहिला तरी ती उणीव बरीच भरून निघते. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवली, तर धूळ फिल्टरवर अडते, फटींतून आत शिरत नाही.

पंख्याची दिशा ओळखायला बाण शोधत बसायला नको. मोटार धरून ठेवणाऱ्या आडव्या पट्ट्या ज्या बाजूला, त्या बाजूने हवा बाहेर पडते. स्क्रू रेडिएटरसोबत आलेलेच वापरा. जास्त लांबीचा स्क्रू थेट पाण्याच्या वाहिनीत घुसू शकतो.

सगळं नीट लावूनही मशीन सारखं घोंघावत असेल, तर दोष बहुधा फॅन कर्व्हचा, म्हणजे किती तापमानाला पंखा किती वेगाने फिरेल हे ठरवणाऱ्या सेटिंगचा. प्रोसेसरचं तापमान नुसता ब्राउझर उघडला तरी क्षणात 20 अंशांनी उडी मारतं. पाणी मात्र सावकाश तापतं, तेवढ्याने त्याला फरकही पडत नाही. म्हणून कूलरमध्ये पाण्याचं तापमान मोजायची सोय असेल तर पंखे त्यालाच बांधा. पाणी 35 अंशांपर्यंत असेतो मंद, 45 च्या आसपास जोरात, अशी सुरुवात मी करतो. उन्हाळ्यात खोलीच तापली की दोन्ही आकडे वर सरकवतो. सोय नसेल तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) पंख्याचा वेग वाढायला लागणारा वेळ जास्तीत जास्त ठेवा. पंपाचा वेग मात्र एकसारखाच राहू द्या.

जोडून झाल्यावर अर्धा तास पूर्ण भार देऊन कान लावा. एखाद्या ठरावीक वेगाला पंखा गुणगुणत असेल, तर कर्व्हमध्ये तेवढा वेग टाळून पुढे जा.