आईची उदासी आणि बी-१२

आई भजनाला जाईनाशी झाली. बोलता बोलता रडायची, साधे शब्द विसरायची. डिप्रेशनची गोळी सुरू झाली, फरक जेमतेमच. मला दोन गोष्टी खटकत होत्या. जीभ लालबुंद, गुळगुळीत, आमटीसुद्धा झोंबायची. आणि तळपायाला मुंग्या इतक्या, की चालताना चप्पल निसटली तरी तिला कळायचं नाही. हे नुसतं मनाचं दुखणं कसं असेल?

आई पक्की शाकाहारी, त्यात मधुमेहासाठी मेटफॉर्मिन कित्येक वर्षं चालू. दोन्हींमुळे शरीरातलं बी-१२ जीवनसत्त्व खालावू शकतं. फॅमिली डॉक्टरांशी बोलून रक्त तपासलं. बी-१२ कमी निघालं, मिलिलिटरमागे २०० पिकोग्रॅमच्या बरंच खाली. टीएसएचही बघितलं, कारण थायरॉइड मंदावलं तरी माणूस असाच मरगळतो. ते ठीक निघालं.

इंजेक्शनं सुरू झाली. आधी जीभ सुधारली, मग रडणं ओसरलं. मुंग्या अजून थोड्या आहेत, नसा सावकाश भरून येतात. कृपा करून केमिस्टकडून नुसतं फॉलिक ॲसिड आणून देऊ नका. त्याने रक्त सुधारलेलं दिसतं, पण बी-१२ची कमतरता तशीच राहते आणि नसांचं नुकसान चालूच राहतं. डिप्रेशनची गोळीही आम्ही एकदम थांबवली नाही, डॉक्टरांच्या सांगण्यावरून हळूहळू कमी करतोय.